पोट साफ होण्याआधीची भाकरी

औसा, १८ नोव्हेंबर २०२४

गोदाक्का,

शरणार्थ. अक्षर ओळखलं असंल. इतकं वाकडं अक्षर तुमच्या माहेरात दुसऱ्या कुणाचं न्हाई.

अकरा वर्षांनी लिहून राहिले, तवा आधीच सांगते, माफी मागायला लिहीत न्हाई आणि तुमच्याकडून मागून घ्यायलाबी न्हाई. माझ्या नातीच्या, मालविकाच्या लग्नात तुम्ही आहेराची साडी मांडवातल्या खुर्चीवर टाकून निघून गेलात. सुती होती म्हणून हलकी वाटली तुम्हाला. मीच नेसले ती. अजून रंग गेला न्हाई.

फोन का केला न्हाई म्हणाल. केला होता. तुम्ही उचललात, "हाव, हाव, बरं हाय सगळं" म्हणालात आणि ठेवून दिलात. मी काय सांगितलं ते तुम्हाला ऐकूच आलं न्हाई. तुमच्या सुनेला सांगितलं असतं, तर तिनं ते तुमच्या कानात ओरडायचं, म्हणजे तुमच्या आधी हिमायतनगरच्या बाजाराला कळायचं. म्हणून कागद.

तुमच्या भावाला कॅन्सर हाय. लघवीच्या जागेला गाठ होती, तिथून आता पाठीच्या आणि कमरेच्या हाडांत उतरलाय. लातूरच्या डॉक्टरांनी आमच्या लेकाला, शिवकुमारला बाजूला घेऊन सांगितलं. मी त्याच्या मागंच उभी होते, पण म्हातारी हाय म्हणजे कळत नसंल असं त्यांना वाटलं. बरं होण्यातलं न्हाई, पण दुखणं कमी करता येतं, असं म्हणाले. "गोदाक्काला कळवायचं न्हाई" अशी ह्यांची ताकीद हाय. लग्न होऊन आले तवापासून मी ह्यांच्या सगळ्याच ताकिदी पाळल्या असं न्हाई.

दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. शेजारच्यानं सांगितलं की ती अफूपासून करतात. झालं. ह्या माणसानं औशाच्या मोंढ्यात जन्मभर धान्य तोलायचा काटा धरला, शेजारी दुसरे तोलारी तंबाखू मळायचे, ह्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाई. मला म्हणाले, "शेवटाला अफू खाऊन मरू का मी?" मी म्हटलं, "न खाता ओरडून मराल. आणि मला ऐकू येतं, मी गोदाक्का न्हाई." घेतली गोळी. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडीवर पेपर ठेवून घोरत होते. दिवाळीपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात दुसरी भानगड निघाली. गोळी सुरू झाल्यापासून ह्यांचं पोट साफ होईना. ह्यांचं पोट साफ झालं न्हाई म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून एवढंच विचारते. सासूबाई गेल्यावर तुम्हीच ह्यांना वाढवलं. लहानपणी पोट बसलं तर काय देत होतात?

तेवढं लिहून पाठवा. तुम्ही यावं म्हणून लिहीत न्हाई. थंडी हाय, तुमचं वय झालंय, आणि आमच्याकडं सगळं व्यवस्थित हाय.

शरणम्मा


औसा, ३ डिसेंबर

गोदाक्का,

तुमचं कार्ड मिळालं. "एरंडेल दे. हिरडा उगाळून दे. नियम मोडू देऊ नको." माझी तब्येत विचारायला कार्डावर जागा उरली नसंल.

एरंडेल दिलं न्हाई. हुस्नाला विचारलं आधी. हुस्ना म्हणजे दुखण्याच्या डॉक्टरांची नर्स, औशातलीच हाय, किल्ल्याच्या बाजूची. आठवड्यातून एकदा घरी येते, मध्ये फोन करते. ती म्हणाली, "एरंडेल कुणी सांगितलं, आजी?" मी म्हटलं, "हिमायतनगरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी." तिला खरंच वाटलं. मग तुमचं शिक्षण सांगितलं, तवा हसली.

तिनं जे समजावलं ते तुम्हालाबी सांगते, कारण तुम्ही उद्या दुसरं काहीतरी उगाळायला सांगाल. मॉर्फिन दुखणं झोपवतं, तसं आतड्यालाबी झोपवतं. गुंगी येते, मळमळ होते, ती थोड्या दिवसांत जाते. हे मात्र जात न्हाई. जोवर ती गोळी हाय, तोवर जुलाबाची गोळी बरोबर पाहिजेच. पोट साफ झालं तरी घ्यायची, न्हाई झालं तरी घ्यायची. अडकल्यावर घ्यायचं औषध न्हाई ते, अडकू नये म्हणून रोजचं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ती दिली होती. रात्रीच्या गोळ्या आणि एक गोड पाकासारखं बाटलीतलं औषध. मी फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिलं. नुसती हाडं राहिलेल्या माणसाला जुलाब कशाला द्यायचे, असं मला वाटलं. त्यापेक्षा इसबगोल बरा, बिचारा थंड असतो, म्हणून रोज चमचाभर तोच देत होते. हुस्नानं डोक्याला हात लावला. "आजी, इसबगोलाला तांब्याभर पाणी लागतं. अप्पा पितात चूळभर. ते आत जाऊन फुगतं आणि तिथंच घट्ट बसतं." चिखलात पाणी कमी पडलं की वीट होते. मी ह्यांच्या पोटात भट्टी लावली होती म्हणा ना. इसबगोल उचलून ठेवला, जुलाबाचं औषध खाली काढलं.

पण अक्का, खरी अडचण ती न्हाईच. खरी अडचण तुम्ही हाय.

आधी परसाकडं, मग अंघोळ, मग लिंगपूजा, मग घास. तुम्ही ह्यांना हे लावलंत तवा हे पोर होते. आता अठ्ठ्याहत्तरचे हायत आणि काट्यावर माल तोलावा तसं रोज तोलून पाळतात. पोट साफ झालं न्हाई, म्हणजे अंग साफ न्हाई. मग अंघोळ केली तरी ती मोजायची न्हाई. मग गळ्यातली इष्टलिंगाची डबी उघडायची न्हाई, लिंग हातावर घ्यायचं न्हाई. आणि पूजा न्हाई तर तोंडात काही घालायचं न्हाई. गोळीपुरतं पाणी चालतं, ते औषध म्हणून. सकाळ जाते, दुपार जाते, मी भाकरी झाकून बसते. दिवे लागायच्या वेळेला थकून दोन घोट दूध घेतात, आणि ते चोरून खाल्ल्यासारखं, माझ्याकडं न बघता.

आता ह्यावर ह्यांनी उपाय काढलाय. गोळीनं पोट बसतं, तर गोळीच घ्यायची न्हाई. मी हातावर गोळी ठेवते, हे तोंडात टाकतात, पाणी पितात. नंतर ती धोतराच्या घडीत सापडते. मला धोतर झाडायच्या आधीच कळलं होतं. गोळी पोटात असलेला माणूस असा कण्हत न्हाई.

"दुखणं मी सोसतो," म्हणतात. "पूजा चुकवत न्हाई."

कुशीवर वळताना दात असे आवळतात की उरलेले दोनबी पडतील. तुमच्या नियमाची तब्येत चांगली हाय, एवढं कळवायला लिहिलं.

शरणम्मा


औसा, २० डिसेंबर

गोदाक्का,

तुमचं उत्तर न्हाई. राग आला असंल. येऊ द्या. तुम्ही रागावलात म्हणजे पत्र वाचलंत.

मागच्या आठवड्यात आम्हाला वाटलं, सुटलो. सकाळी ह्यांना पातळ झालं. हे इतके खूश, की भिंतीला धरून स्वतः उठले. अंघोळ केली, पूजेला बसले. विभूती लावली आणि परत पोटात आलं. परत गेले. परत अंघोळ. परत बसले, लिंग हातावर घेतलं न घेतलं तोच परत. असं दिवसभर. थोडंथोडं, पाण्यासारखं, आवरता न येणारं. आणि दर वेळेला डोक्यावरून पाणी, ह्या थंडीत. बंब विझू दिला न्हाई मी. संध्याकाळी ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी तेच. धोतरं धुवून धुवून माझ्या बोटांना भेगा पडल्या, ते जाऊ द्या.

आम्ही काय केलं? जे कुणीबी करंल ते केलं. हगवण लागली म्हणून जुलाबाचं औषध बंद केलं आणि दहीभात सुरू केला. शिवकुमार लातूरहून येताना हगवण बंद व्हायच्या गोळ्या घेऊन आला. शाळेत विज्ञान शिकवतो, त्याला विचारायची गरज वाटली न्हाई.

बरं झालं त्या गोळ्या द्यायच्या आधी हुस्ना आली. तिनं पोट दाबून बघितलं, गच्च. मग हातात मोजे घालून खालून तपासलं. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते, डोळे मिटून. बाई माणसानं, तेबी ह्यांच्या नातीच्या वयाच्या पोरीनं. तिनं काही इकडचं तिकडचं बोलायला काढलं न्हाई. फक्त म्हणाली, "अप्पा, झालं, आता त्रास न्हाई देत." आणि बाहेर येऊन मला सांगितलं, ही हगवण न्हाई. आत खडा अडकलाय, दगडासारखा. वरचं पातळ त्याच्या कडेकडेनं झिरपून येतंय. बंद व्हायच्या गोळ्या दिल्या असत्या, तर आणखी गच्च झालं असतं.

तिनं डॉक्टरांना फोन केला. गुदातून औषध सोडलं, दुसऱ्या दिवशी परत सोडलं. त्यानंतर काय झालं ते लिहीत न्हाई, तुम्ही जेवणाआधी पत्र वाचलंत तर. एवढंच सांगते, की झाल्यावर ह्यांचं पोट मऊ पडलं आणि हे माझ्याकडं बघून म्हणाले, "शरणम्मा, हलकं वाटतंय गं." माझं नाव घेतलं. पन्नास वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळा घेतलं असंल.

आता गोळ्या परत सुरू हायत, दुखण्याची आणि जुलाबाची, दोन्ही. मी तोंड उघडायला लावून बघते, जिभेखाली सुद्धा. पण आता पोट रोज साफ होत न्हाई, दिवसाआड होतं. हुस्ना म्हणते, मऊ होतंय आणि कुंथावं लागत न्हाई, तर दिवसाआड चालतं, घाबरू नका. तिला चालतं. डॉक्टरांना चालतं. ह्यांना चालत न्हाई. म्हणजे दिवसाआड उपास.

मी हुस्नाला विचारलं, "सकाळीच होईल असं काही करता येतं का?"

"येतं की. उठल्या उठल्या कोमट पाणी प्यायला द्या, थोडं खायला द्या. खाल्लं की आतडं हलतं. मग अर्ध्या तासानं बसवा, पायाखाली पाट ठेवा."

मी म्हटलं, "आधी खायचं?"

"मग? वरून काही गेलंच न्हाई, तर खालून काय येणार, आजी?"

पन्नास वर्षं ह्या घरात उलटं चाललंय, हे मला त्या पोरीनं सांगितलं. तुम्हाला मी सांगते.

शरणम्मा


औसा, २ जानेवारी २०२५

गोदाक्का,

सोमवारी वेळ अमावास्या झाली. तिकडं तुमच्याकडं एवढं नसतं, पण इथं सगळं गाव रानात गेलं होतं. शेजाऱ्यांनी पाला-शेंगांची भज्जी आणि आंबील डबा भरून घरी आणून दिली. हे खाटेवर बसून वास घेत होते. अंबाडीच्या भाजीचा, ओल्या तुरीचा. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. पोट साफ झालं नव्हतं. डबा तसाच संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी म्हणाले, "आता भूक मेली."

मग मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आजारी माणूस भांडण्याएवढा शहाणा असंल तर काय करायचं.

मी म्हटलं, "मी लग्न होऊन आले, पहिल्याच महिन्यात पाळी आली. मी माहेरच्या सवयीनं कोपऱ्यात जाऊन बसले. गोदाक्का आल्या, हात धरून उठवलं. म्हणाल्या, आपल्या गळ्यात लिंग हाय, आपल्यात विटाळ न्हाई, सुतक न्हाई, ऊठ आणि पूजा कर. तवापासून प्रत्येक पाळीत मी लिंग हातावर घेतलं. देवानं कधी हात झटकला न्हाई. मला विटाळ न्हाई, आणि तुमच्या पोटात जरासं अडकलं तर तुम्ही विटाळलात?"

"ते बायकांचं."

"लिंग बायकांचं वेगळं हाय का?"

मला वाटलं जिंकले. मग हळूच म्हणाले, "तसं न्हाई गं. ते अक्कानं सांगितलंय. आई गेली तवा अक्का स्वतः दहा-अकराची होती. सकाळी मला न्यायची, धुवायची, अंघोळ घालायची, मांडीवर बसवून हातात लिंग द्यायची. मग भरवायची. कुणी तिला म्हणू नये की आईविना पोर घाण राहिलं, म्हणून. मी जोवर ते पाळतो तोवर..."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की तुम्हाला हुकूम सोडायची हौस.

आता सरळ लिहिते. वळणं घालायला कागद उरला न्हाई. हुस्नानं काल वजन केलं. महिन्यात अंगावरचं जे उतरलंय ते दिसतं, आकडा सांगत न्हाई. ह्यांना कॅन्सर नेणार, ते ठरलंय, त्यावर माझं भांडण न्हाई. पण उपाशी जाऊ नयेत. आणि गोळी टाळून, दात आवळून जाऊ नयेत. काल परत एक गोळी उशीखाली सापडली.

मी सांगून बघितलं, शिवकुमारनं सांगितलं, हुस्नानं सांगितलं. मठाच्या स्वामींना, अय्यांना बोलावलं, त्यांनी सांगितलं, "आजाऱ्याला नियम न्हाई, मडिवाळप्पा." हे त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "अक्कानं सांगितलं तर बघतो."

म्हणून तुमच्या हातच्या चार ओळी पाहिजेत. ह्यांच्या नावानं लिहा. "पोट साफ झालं नसलं तरी पूजा कर आणि खा." एवढंच. माझ्यावरचा राग वेगळ्या कागदावर लिहा, तो मी वाचीन.

शरणम्मा


औसा, २७ जानेवारी

गोदाक्का,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं तुमच्या सुनेनं फोनवर सांगितलं. गाडीत दोघींच्या जागेवर एकट्या बसून गेलात म्हणे. बसणारच.

हे पत्र, तुम्ही इथं होतात तवा तुम्हाला जे ऐकू आलं न्हाई त्यासाठी लिहिते. तुमच्या कानात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

तुम्ही पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलात, तवा मी चार ओळींची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "पाणी दे," आणि सरळ आत गेलात. तुम्हाला बघून ह्यांनी धोतराचा सोगा तोंडावर ओढला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, थंडी वाजते. भर दुपार होती. तुम्ही खाटेच्या कडेला बसून ह्यांच्या पायांवर हात फिरवत होतात आणि म्हणत होतात, "किती वाळला रे." तवा हे सोग्याच्या आतून म्हणाले, "अक्काची साडी मळली हाय प्रवासात. तिला पाणी तापव." एवढंच म्हणाले. पण आवाज असा होता, की मी बंबाकडं गेले ती लवकर परत आले न्हाई.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ.

तुम्ही उठलात. मी कानाशी येऊन म्हटलं, पाणी तापलंय. तुम्ही म्हणालात, "नंतर." केस तसेच, साडी तीच. ह्यांच्या खाटेसमोर पाट ओढून बसलात आणि बहिऱ्या माणसाला वाटतं तसं हळू म्हणून जे बोललात, ते चौकापर्यंत गेलं. "एस्टीत बसून बसून माझं पोट गच्च झालंय. दोन दिवस परसाकडं झालं न्हाई." मग डबी उघडलीत, लिंग डाव्या हातावर घेतलंत, विभूती लावलीत, डोळे मिटलेत. समोरच्या दारातली बाई केर काढायची थांबली.

तुमचे डोळे मिटलेले असताना हे मला म्हणाले, "अगं, अक्का तशीच बसली."

"हाव."

"अंघोळ न्हाई केली."

"न्हाई."

"परसाकडं पण न्हाई."

"ते तर सगळ्या औशाला कळलं."

मग तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "शरणम्मा, भाकरी आण. दुधात कुस्करून." मी आणली. तुम्ही खायला लागलात, दात न्हाईत त्यामुळं जो आवाज होतो त्या आवाजासकट. हे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील. तुम्हाला वाटलं असंल की आता समजतील. दोन्ही झालं न्हाई.

हे म्हणाले, "अक्काला इसर पडला गं."

मी तुमच्या वाटीत आणखी दूध घातलं.

"वय झालं तिचं. नियमच इसरली. बघ, कशी खाऊन राहिली, पोरासारखी." मग म्हणाले, "तू तिला काही बोलू नको. तिला आठवलं तर लाजंनं मरंल ती. मलाबी वाढ. ती एकटीच खातेय."

मी हात ओल्या फडक्यानं पुसून दिले. ह्यांनी तुमच्या पुढ्यातली विभूती घेतली, लिंग हातावर घेतलं, घाईघाईनं पूजा केली, तुमची वाटी संपायच्या आत संपवायची म्हणून. मग अर्धी भाकरी खाल्ली. गोळी मागून घेतली आणि माझ्यासमोर गिळली, जीभ न दाखवता. तुम्ही ते बघितलंत आणि माझ्याकडं मान उडवलीत, कशी जिरवली म्हणून. तुम्ही जेवढं बघितलं तेवढं खरं होतं. जे ऐकू आलं न्हाई, ते वर लिहिलंय.

हुस्ना म्हणाली होती तसंच झालं, तेबी सांगते. खाल्ल्यानंतर थोड्या वेळानं पोट हललं. पायाखाली पाट ठेवला, फार कुंथावं लागलं न्हाई. तुम्ही तवा अंगणात उन्हात बसला होतात. परत आल्यावर हे म्हणाले, "अक्काला सांगू नको माझं झालं म्हणून. तिचं अजून व्हायचंय."

तुम्ही होतात तेवढे दिवस असंच चाललं. तुम्ही गेलात त्या दिवशी मला धास्ती होती. म्हटलं, आता नियम परत गादीवर येऊन बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झालेलं नव्हतं. मी कोमट पाणी आणि वाटी नेऊन समोर ठेवली आणि उभी राहिले, भांडायची तयारी करून. ह्यांनी वाटीकडं बघितलं, मग खिडकीकडं.

"अक्का तिकडं आता काय करत असंल?"

"मला काय दिसतंय का इथून?"

"खाल्लं असंल तिनं. तशीच. इसरून." मग लिंग काढायला डबीवर हात नेला. "तिनं मला वाढवलं. तिला ह्यात एकटीला सोडू का? दे इकडं."

तवापासून रोज सकाळी तसंच. गोळ्या वेळेवर, दोन्ही. बरे होत न्हाईत, ते सांगते, तुम्हाला उगाच वाटायला नको. पायातली ताकद गेलीय, आता खाटेशेजारी बसायची खुर्ची आणलीय. पण दुपारी झोपतात. परवा तुरीच्या भावावरून शेजाऱ्याशी भांडले आणि कुशीवर वळताना आवाज काढला न्हाई.

तुम्ही मुद्दाम केलंत, का खरंच इसरलात, ते मी विचारणार न्हाई. माझं शेवटचं पत्र तुम्हाला निघायच्या आधी मिळालं का, तेबी विचारत न्हाई. इसरला असाल तर उपकार मानायचं कारण न्हाई. मुद्दाम केलं असंल तर मला ते मानावे लागतील, आणि तुमचे मानायचे म्हणजे मला जड जाईल.

पण आता एक काम तुमच्याकडं आलंय. हे रोज वाटी हातात घेण्याआधी विचारतात, "अक्कानं खाल्लं असंल का?" मी म्हणते, "हाव." ह्यांच्याशी मी जन्मात खोटं बोलले न्हाई असं न्हाई, पण ह्या एका गोष्टीत बोलावं असं वाटत न्हाई.

म्हणून सकाळी उठलात की परसाकडं जायच्या आधी, अंघोळीच्या आधी, तशाच पूजेला बसा आणि खा. सून काय म्हणंल, शेजारी काय म्हणतील, ते म्हणू द्या, तुम्हाला ऐकू येत न्हाई. रोज करा, आणि माझं दुसरं पत्र येईपर्यंत मोडू नका.

शरणम्मा